दुसऱ्या डोसाचे आठ बाजार

आमच्या घरात ‘डोस’ हा शब्द महामारीच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. घाटंजीत बाबांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचं औषध. जूनपासून पोळ्यापर्यंत दुकानात दिवसभर एकच प्रश्न ऐकू यायचा, “काकाजी, कपाशीले दुसरा डोस कधी टाकू?” मग बाबा चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायला लागायचे: पेरा कधी केला, जमीन हलकी की भारी, ओल किती खोल आहे, तण काढायला डवरा फिरला की नाही. एवढी उलटतपासणी कोर्टातसुद्धा होत नसेल. समोरचा कंटाळून “द्या ना जी एक पोतं” म्हणायचा, तरी वेळ झाली नसेल तर बाबा युरिया द्यायचे नाहीत. आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत पाठवणारा दुसरा दुकानदार मी पाहिला नाही. आईचं म्हणणं, म्हणूनच आपल्या घरावर दुसरा मजला चढला नाही.

मी तालुक्यातल्याच एका शाळेत शिकवते. महामारीच्या दुसऱ्या वर्षी शाळा मोबाइलमध्ये भरत होती आणि मोबाइल मुलांच्या बापांसोबत वावरात जात होता, त्यामुळे माझा बराचसा वेळ दुकानाच्या गल्ल्यावर जायचा. लग्न न केल्याचे जे दोन-चार फायदे आहेत त्यातला एक म्हणजे आईबापांची भांडणं अगदी पुढच्या रांगेत बसून ऐकता येतात. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात रोज एक नवा अंक होता.

विषय एकच. लशीचा पहिला डोस झाला, आता दुसरा कधी?

दुकानात या विषयाचे कायमचे वक्ते दोन. एक बाबा, दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. काका आमच्या शेजारचे, बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. दुकानाच्या दारातल्या खुर्चीवर त्यांचा हक्क होता आणि बाकीच्यांनी तोंडाला रुमाल बांधून पायरीखाली उभं राहायचं, असा बाबांचा नियम. काकांनी लस अगदी सुरुवातीला घेतली. तेव्हा मधलं अंतर चार आठवड्यांचं होतं. ते बरोबर चार आठवड्यांनी गेले, दुसरी घेऊन आले आणि मॅट्रिक पास झाल्यासारखे गावभर सांगत फिरले.

आईला दम्याचा त्रास. तिला लस सोसेल का, या विचारात आमच्या घराने मार्च संपवला. शेवटी ती आणि बाबा दोघं एकाच दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. तोवर अंतर सहा ते आठ आठवड्यांचं झालं होतं. नर्सबाईंनी तसं सांगितलं. बाबांना हे फार पटलं. घरी येताच, दंड चोळत का होईना, त्यांनी काकांना हाक मारली.

“पाहा, मी म्हणत नव्हतो? चार आठवडे लय लवकर होते. घाईनं दुसरा डोस टाकला की झाड नुसतं माजते, बोंड धरत नाही.”

काका म्हणाले, “तुमचं झाड राहू द्या. गाडीत शिट भेटली की बसून घ्यावं मानसानं. मागची गाडी रिकामी येईल म्हणत जो उभा राहाते, तो उभाच राहाते.”

“तुमच्याच गाडीत लिहिलेलं राहाते ना, अति घाई संकटात नेई?”

“ते डायव्हरसाठी असते. पॅसेंजरसाठी नाही.”

पायरीखालची चार माणसं हसली. मग त्यातल्या एकाने विचारलं, पहिल्या डोसानंतर ताप आला म्हणजे लस लागू पडली की वाया गेली? बाबा त्यालाही जमीन हलकी की भारी विचारतील असं मला वाटलं. असा वाद अर्धा-पाऊण तास चालायचा. निर्बंधांमुळे दुकानं सकाळचे काही तासच उघडी असायची, त्यामुळे खत कमी आणि मतं जास्त विकली जायची. आज त्या सकाळी आठवल्या की मला हसू येतं, तरी ते दिवस हसण्याचे नव्हते. गावात रोज कोणीतरी जात होतं, ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की सगळे गप्प व्हायचे, आणि आवाज लांब गेला की पुन्हा बोंडांवर यायचे. दुसरं काय करणार होते?

आईला मात्र या वादाची गंमत वाटत नव्हती. तिचं सगळं त्या अंतरावर अडून बसलं होतं.

तिची मोठी बहीण, माझी मावशी, मुकुटबनला राहते. आई तिला ‘बाई’ म्हणते, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. मावशीला काचबिंदू. डावा डोळा आधीच कामातून गेला होता, उजव्यावर सगळा कारभार. दर काही महिन्यांनी यवतमाळला डोळे दाखवायचे, डॉक्टर नवी चिठ्ठी देणार, मग त्या चिठ्ठीवर डोळ्यांत टाकायचे थेंब मिळणार. मावशीचा मुलगा चांगला, सूनही मायाळू. पण मावशीचा हट्ट असा की दवाखान्यात जाईन तर बहिणीसोबत. तिचं साधं तत्त्व होतं: सासरी आपलं दुखणं दाखवू नये, दुखणं माहेरच्या माणसासमोरच उघडावं. आता सासू-सासरे जाऊन जमाना झाला, घराची मालकीण तीच, तरी तत्त्व कायम.

म्हणून आई आदल्या दिवशी पांढरकवड्यावरून मुकुटबनला जायची, रात्री मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी दोघी यवतमाळला. त्या दिवसाचं काय वर्णन करू? दवाखान्याचं काम दोन तासांचं, पण दोघींना दिवस पुरायचा नाही. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध टाकलं की मावशीला धूसर दिसायचं, मग आई तिचा हात धरून तिला बाजारातून फिरवायची आणि समोर नसलेल्याही गोष्टी सांगायची. “बाई, तिकडं एक बाप्या बायकोची पर्स धरून उभा हाय.” मावशी पदर तोंडाला लावून हसायची. एकदा मीही सोबत होते. बसस्टँडवर दोघींनी एक प्लेट सांबारवडी घेतली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. शेवटचा तुकडा कोणी खायचा यावरून त्यांनी इतका वेळ घातला की पांढरकवड्याची गाडी सुटली. दोघींना त्याचं काही वाईट वाटलं नाही, उलट आणखी एक तास मिळाला म्हणून त्या पुन्हा बाकावर बसल्या.

महामारीच्या पहिल्या वर्षात हे सगळं बंद पडलं. मधे जरा सैल झालं तेव्हा मावशीचा मुलगा जुनीच चिठ्ठी दाखवून थेंब आणत होता. पण नजर कमी होत होती हे फोनवरसुद्धा कळत होतं. आधी ती सांगायची, आज तुरीची दाळ निवडली. मग ती दाळीचं काही बोलेनाशी झाली.

आणि दुसरी लाट आली तेव्हा बाबांनी घरात फर्मान काढलं. दोन्ही डोस पूर्ण झाल्याशिवाय आईने गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आई म्हणाली, “आठ आठवडेच ना? राहतो मी.” आमच्याकडे बायाही ‘राहतो, जातो, येतो’ असंच बोलतात. मग तिने लगेच मुकुटबनला फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, “बाई, आठ बाजार झाले की आलोच मी. तुले घेऊन यवतमाळले जातो.”

आता हे बाजारांचं सांगायला हवं. आई आणि मावशी ज्या खेड्यात वाढल्या तिथे आठवडा म्हणजे बाजार. कॅलेंडर एखाद्याच घरी. कोणी गावाला निघालं की दोन बाजारांनी येतो म्हणायचं. नव्या सुनेला माहेरी पाठवायचं तर किती बाजारांसाठी ते ठरायचं. बाळंतिणीचे बाजार, गाय आटल्याचे बाजार, उसनं नेलेलं पायलीभर ज्वारीचं बियाणं परत करायचे बाजार. आई घाटंजीत आल्यावर हळूहळू तारखांवर आली, पण बहिणीशी बोलताना तिच्या तोंडी अजून बाजारच यायचे. दोघींचं ते घरगुती गणित होतं. बाबा तिला चिडवायचे, “सरकारला पत्र लिहितो, अंतर बाजारात सांगा म्हणून.”

एप्रिल गेला. मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत वाईट महिना. दुकानात नेहमी येणारे तीन चेहरे त्या महिन्यात कमी झाले आणि बाबांचा आवाज खाली आला. रोज सकाळी ते आईला गच्चीवर नेऊन दीर्घ श्वास घ्यायला लावायचे आणि स्वतः समोर उभे राहून कान देऊन ऐकायचे. तिच्या छातीत शिट्टी वाजते का ते ऐकत असायचे. आई वैतागायची. “मी काय पंप हाव का, रोज चालू करून पाहाता?”

मेमध्ये आईचे आठ आठवडे संपत आले. ती खुशीत होती. मावशीसाठी तिने काडीवर वळून कणकेचे सरगुंडे वाळवून ठेवले, चिंचेचे गोळे बांधून ठेवले, पिशवीसुद्धा दारामागे लटकवली. आणि एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की दुसऱ्या डोसाचं अंतर वाढवलं. आता बारा ते सोळा आठवडे.

बाबा टाळी वाजवून उठले. खरंच टाळी वाजवली, मी पाहिलं. “मी म्हणत नव्हतो? उशिरा टाकलेला डोस जास्त लागू पडते! आता शास्त्रज्ञच म्हणून राह्यले.”

आई पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी तिने उलटली नाही. धूर झाला तेव्हा मी धावले. ती म्हणाली, “लागू पडून काय करू मी? ताकद वाढून पहिलवान होनार हाव का मी? तिकडं बाईची नजर चालली.”

बाबा म्हणाले, “अवं, चार-सहा आठवड्यांचाच तं फरक हाय.”

“तुम्हाले चार-सहा आठवडे. तिचा एकच डोळा हाय.”

मग आमच्या घरात खरा वाद पेटला. तो दुकानातल्यासारखा मजेचा नव्हता. आईकडे विरजणाचा दाखला होता. “दुधाले विरजण लावलं आन् कोनी पाहिलंच नाही तं त्याचं काय होते? आंबते. पहिला डोसही आंबून जाईन माझा.” बाबांकडे कपाशी होती. आई म्हणायची, मी काय कपाशी हाव का? बाबा म्हणायचे, मंग काय दूध हायेस? मधे कंडक्टर काका आले की दोघंही त्यांच्यावर घसरायचे. काकांचं तर भलतंच झालं होतं. चार आठवड्यांत दोन्ही डोस घेऊन मिरवणारा हा माणूस आता घाबरून गेला. आपला दुसरा डोस लवकर पडला म्हणजे फुकट गेला की काय? एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, तू शिकलेली हायेस. मले खरं सांग, माझे दोन धरायचे की दीड?” मी म्हटलं, काका, दोनच. पण त्यांचं समाधान झालं नाही. घाई केली तरी धास्ती, उशीर केला तरी धास्ती. खरं काय ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं तेही शिकत शिकत सांगत होते, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त राग यायचा.

मी आईच्या बाजूने होते. बाबांशी मी तीन दिवस धड बोलले नाही. चौथ्या दिवशी दुकानात बियाण्याच्या पिशव्या रचताना ते आपणहून म्हणाले, “तुले वाटते मी हट्ट करून राह्यलो. मागच्या हिवाळ्यात तिचा दम तू पाह्यला ना? उशीला टेकून बसली होती, होठ निळे पडले होते. अर्ध्या ताकदीवर तिले बाहेर काढू? आन् तिच्यामुळं तिच्या बहिनीलेच काही झालं तं ती जगन का?” पुढे त्यांनी पिशव्या पुन्हा मोजायला घेतल्या. मोजलेल्याच होत्या. इकडे त्यांची भीती, तिकडे आईची घाई. दोघंही खरं बोलत होते. असं घर चालवणं फार कठीण असतं.

मजा म्हणजे, ज्या मावशीसाठी हे सगळं चाललं होतं तिची काहीच तक्रार नव्हती. आई फोनवर रडवेली होऊन सांगायची, बाई, सरकारनं लांबवलं वं. तिकडून मावशी शांतपणे म्हणायची, “येशील ना, कायले घाई करतं? बाजार कुठं झाले अजून?” आईला वाटायचं, ही मोठी म्हणून धीर देते. तिचं मन मोठं. बाबांनाही तेच वाटायचं. ते म्हणायचे, “पाय, तिले समजते. तुलेच समजत नाही.”

जून लागला. मृग तोंडावर आला. आमच्या धंद्यात हे पंधरा दिवस म्हणजे वर्षाची भाकर. निर्बंध थोडे सैल झाले होते, दुकानासमोर सकाळपासून बैलगाड्या आणि मोटरसायकली उभ्या. त्या धांदलीत आईने दुकानाच्या मागच्या खोलीतून मुकुटबनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच बिलं लावत बसले होते.

आई म्हणाली, “बाई, तुले माझा राग नाही येत? आठ बाजार कधीचेच झाले.”

“आठ कुठं झाले वं?” मावशी म्हणाली. “दोन भरले, मंग बंदच पडला ना बाजार. परवा कुठं तिसरा भरला. पोरगं भाजी घेऊन आलं.”

आई बोटांवर मोजायला लागली.

“जो भरलाच नाही तो बाजार मी कसा धरू?” मावशी हसली. “पाच राह्यले अजून. मी मोजून राह्यलो ना बरोबर. तू आली की जाऊ दोघी यवतमाळले.”

आईने अगदी हळू विचारलं, “बाई, थेंब हायेत ना वं डोळ्यात टाकाले?”

“ते तं सरले. कधीचेच. जुन्या चिठ्ठीवर आता देत नाहीत. पोरगा म्हणे घेऊन जातो, दवाखाना चालू झाला. मी म्हटलं राहू दे, बहीण येऊन राह्यली पाच बाजारांनी, तिच्यासंग जाईन.”

फोन ठेवल्यावर आई खताच्या पोत्यावर बसली. तिने मला एवढंच सांगितलं, “ती बाजार मोजून राह्यली.” मला समजायला क्षणभर लागला. सगळ्या राज्यात टीव्हीवर, दवाखान्यात, आमच्या पायरीवर माणसं आठवड्यांवरून भांडत होती. आणि तिथे मुकुटबनच्या ओट्यावर मावशी बाजार भरायची वाट पाहत बसली होती. बाजार बंद होता म्हणून तिचा आठवडा पुढे सरकलाच नव्हता. ती समजूतदार होती हे खरं, पण तिने धीर धरलेला नव्हता. तिच्या हिशोबाने आम्हाला उशीरच झाला नव्हता. त्या सगळ्या दिवसांत तिच्या डोळ्यात एक थेंब पडला नव्हता.

बाबा गल्ल्यावरून उठून आत आले. त्यांनी आईचा चेहरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. ते दाराला धरून उभे राहिले. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, “काकाजी, सरकीच्या पिशव्या देता का?” बाबा बाहेर गेले आणि म्हणाले, “आज दुकान बंद.”

मृगाच्या तोंडावर कृषी केंद्राचं शटर पडलेलं घाटंजीने तोवर पाहिलं नसेल. कंडक्टर काका खुर्चीवरून ताडकन उठले. “कोन गेलं?” त्या वर्षी शटर पडलं की लोक हेच विचारायचे. बाबा म्हणाले, “कोनी नाही. मुकुटबनले चाललो.”

“दुसरा डोस?” काकांनी विचारलं. त्यांना चिडवायचं नव्हतं, त्यांना खरंच काळजी होती.

बाबांनी शटरला कुलूप लावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

गाडी मी चालवली. चारही काचा खाली, तिघांच्या तोंडाला दोन-दोन मास्क, आई मागे एकटी. पांढरकवडा ओलांडला. मग बाबा समोर पाहतच म्हणाले, “दम लागला तं सांगजो.” आई म्हणाली, “हाव.” एवढंच. वावरांमध्ये बाया काडी-कचरा वेचत होत्या. मला त्या दोघांवर इतकी माया आली की समोरचा रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायचं निमित्त केलं.

मुकुटबनला मावशी अंगणात बाजेवर बसली होती. मुलाला फोन केला होता, पण त्याने तिला सांगितलं नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून ती उठली. आई दहा पावलांवर थांबली. बाबांनी तसं बजावलं होतं.

“कोन हाय?” मावशीने विचारलं.

“मी हाव बाई.”

मावशीचा हात हवेतच राहिला. “पाच बाजार राह्यले होते ना?”

“नाही राह्यले बाई. झाले सगळे.”

मावशी म्हणाली, “मंग ते तोंडावरचं काढ. पाहू दे तुले.” आवाज कापडामागून दबून येतो हे तिच्या लक्षात आलं असणार. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. तिने तिथूनच मास्क हनुवटीखाली ओढला आणि उन्हात, चांगल्या उजेडात, उभी राहिली. मावशी तिच्याकडे बघत होती. म्हणजे ती बघत होती आईच्या खांद्याच्या बाजूला, जिथे गोठ्याची भिंत होती तिकडे. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मी मान वळवली.

“बारीक झाली वं,” मावशी म्हणाली. “पण हे हिरवं पातळ किती शोभून दिसते तुले.”

आईच्या अंगावर पिवळं पातळ होतं. हळदीसारखं पिवळं. आईला हिरवा रंग लहानपणापासून आवडायचा, मावशीने त्या आठवणीवर अंदाज टाकला होता. आपल्याला दिसतं आहे एवढं बहिणीला कळावं, म्हणून.

मला बाबांची धास्ती वाटली. छटाकभर चूक न सोडणारा माणूस. बियाण्याचं चुकीचं नाव कोणी घेतलं तरी गिऱ्हाइकाला थांबवून सुधारणारा. ते खाकरले. मला वाटलं, आता बोलतात.

“हिरवंच पाह्यजे म्हणे तिले,” बाबा म्हणाले. “म्हून आनलं.”

मावशी खूश झाली. “बरं केलं जी. खुलून दिसते.” आईने मास्क वर ओढला, नुसता नाकापर्यंत नाही, डोळ्यांपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीला यवतमाळला नेलं, बहिणीसोबतच. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, उरलेला थोडा उजेड टिकवता येईल. थेंब वेळेवर पडले असते तर किती वाचलं असतं हे ते सांगू शकले नाहीत, आणि आम्ही फार खोदून विचारलंही नाही. देवाच्या दयेने आईला काही झालं नाही, मावशीलाही नाही. पुढे वेळ आली तेव्हा आई-बाबांनी दुसरा डोस घेतला, मावशीनेही दोन्ही घेतले. कंडक्टर काकांनी बाबांना अनेकदा विचारलं, शेवटी कोणतं अंतर बरोबर होतं हो? बाबा म्हणायचे, “काय माहीत, बापा.” आणि कपाशीचं विचारलं की मात्र पूर्वीसारखेच चष्मा कपाळावर चढवायचे.

बाबा आता नाहीत. म्हातारपणानेच गेले, शांतपणे, दोन वर्षांपूर्वी. दुकान भाड्याने दिलं आहे. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि काका सवयीने तरीही दारात जाऊन बसतात. पोरं त्यांना खुर्ची देतात.

आई अजून मुकुटबनला जाते. मावशीला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. परवा आईला निघायची घाई झाली होती. न्हाणीतूनच तिने मला हाक मारली, “माझं हिरवं पातळ काढून ठेव वं.”

मी कपाट उघडलं आणि पिवळं काढून ठेवलं.